तांबं पाण्यात बुडवलं की मऊ, कोयता बुडवला की कडक. हे कसं काय?

कसबेकर

परवा तांबट आळीत हंडा घडताना बघत उभा होतो. कारागीर पत्रा ठोकतो, थोड्या वेळानं म्हणतो "आता ऐकत नाही", मग भट्टीत लाल करतो, पाण्यात बुडवतो आणि परत ठोकायला घेतो. आता पत्रा लगेच वळतो. म्हणजे ठोकून कडक झालेलं तांबं तापवून पाण्यात घातलं की मऊ.

आमच्या गावचा लोहारही हेच करतो. कोयता लाल करून पाण्यात घालतो, पण तिथे उलटं होतं. पाणी दिलं की धार कडक. पाणी न देता तसाच राखेत ठेवला तर मऊ राहतो.

तीच आग, तेच पाणी, मग परिणाम उलटे का? बारावीपर्यंत विज्ञान होतं, त्यामुळे अणू, स्फटिक वगैरे शब्दांना घाबरत नाही. पण जरा बैजवार सांगा.

---

भट्टी_निवृत्त

आयुष्य भोसरीत हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्यांपुढे गेलं, त्यामुळे मला बोलायलाच हवं.

आधी एक गैरसमज काढा. तांब्याच्या बाबतीत पाणी जवळजवळ काहीच करत नाही. तांबं मऊ होतं ते आगीत. पाण्यात न घालता ओट्यावर गार होऊ दिलं तरी तेवढंच मऊ मिळेल. पाण्यात घालतात ते वेळ वाचावा म्हणून आणि वरची काळी खपली तडकून निघावी म्हणून.

लोखंडाचं तसं नाही. तिथे सगळा खेळ किती वेगानं गार केलं यावर आहे. कारण तांब्याचे अणू खोलीच्या तापमानापासून थेट १०८५ अंशांना वितळेपर्यंत एकाच पद्धतीनं रचलेले असतात. लोखंड मात्र मध्येच रचना बदलतं. बाकीचं संध्याकाळी लिहितो, नातवाला क्लासहून आणायचंय.

---

शलाका_म

काका येईपर्यंत तांब्याचं मी सांगते. धातुशास्त्र शिकवते, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

मुळात विचारायला हवं ते असं, की धातू वाकतो तरी कसा? अणूंचा एक अख्खा थर दुसऱ्यावरून एकदम सरकवायला किती जोर लागेल, याचा हिशोब फ्रेंकेलनं १९२६ मध्ये मांडला. उत्तर इतकं मोठं आलं, की प्रत्यक्षातला मऊ धातू त्याच्या हजारो पट कमी जोरात वाकतो. हिशोब बरोबर होता, पण धातू तसा सरकतच नाही. १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी वेगवेगळं काम करून एकच उत्तर दिलं. स्फटिकात अणूंची एखादी ओळ अर्ध्यातच संपलेली असते. त्या दोषाच्या रेषेला डिसलोकेशन म्हणतात. जोर लावला की ही रेषा पुढे सरकते, आणि दर क्षणी फक्त तिच्या आसपासचे बंध तुटून नव्यानं जुळतात. अख्खा थर एकदम हलवावाच लागत नाही. म्हणून मऊ तांब्याची तार बोटांनी वळते. ही रेषा हलताना डोळ्यांनी दिसायला मात्र १९५६ उजाडलं. केंब्रिजमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली.

आता हातोडा. दर घावाबरोबर धातूत नव्या रेषा तयार होतात. मऊ केलेल्या धातूच्या एका घन सेंटिमीटरमध्ये या सगळ्या रेषांची लांबी जोडली तर काही दहा ते काही शे किलोमीटर भरते. भरपूर ठोकलेल्या धातूत तीच दहा लाख किलोमीटरच्या पुढे जाते. चंद्रावर जाऊन परत येण्याएवढी लांबी, एका सुपारीपेक्षा लहान तुकड्यात. इतकी गर्दी झाली की रेषा एकमेकींत अडकतात आणि कोणालाच हलता येत नाही. तुमचा कारागीर "ऐकत नाही" म्हणतो ते हेच. मऊ तांबं साधारण ७० मेगापास्कलला कायमचं वाकायला लागतं, पूर्ण ठोकलेल्याला ३०० च्या वर जोर लागतो. त्यापुढेही ठोकत राहिलात तर वळायची ताकद संपते आणि चीर जाते.

भट्टीत काय होतं? अणूंना हलायला ऊर्जा मिळते. या ताणलेल्या, गुंतलेल्या धातूच्या पोटात नवे, स्वच्छ स्फटिककण उगवतात आणि वाढत वाढत जुन्यांना गिळतात. याला पुनर्स्फटिकीकरण म्हणतात. धातू वितळत नाही, घन राहूनच आतून नवा होतो. आणि गंमत म्हणजे याला ठरलेलं तापमान नाही. जितकं जास्त ठोकलेलं, तितकं कमी तापमानाला हे सुरू होतं, कारण ठोकण्याची साठलेली ऊर्जाच त्याला ढकलत असते. खूप ठोकलेलं शुद्ध तांबं दोन-अडीचशे अंशांनाही हळूहळू मऊ व्हायला लागतं. भट्टीत लाल करतात ते काम मिनिटांत उरकावं म्हणून.

फार वेळ ठेवलं तर मात्र नवे कण एकमेकांना खात मोठे होतात. मग पत्रा वळवला की वरचा भाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो. चांगला कारागीर लाल होताच बाहेर काढतो तो याचसाठी.

---

टवाळ_कार्टं

म्हणजे लहानपणी बाबांनी ठोकून ठोकून मला कडक केलं हे शास्त्रीय होतं तर. फक्त मधे मधे भट्टीत घालायला विसरले.

---

शलाका_म

@टवाळ_कार्टं, पाठ्यपुस्तकात घालते, सौजन्यासह.

---

एसी_मेकॅनिक

शलाकाताईंचं बरोबर. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. तांब्याचा पाइप गुंडाळीत येतो तो मऊ, सरळ काठीत येतो तो कडक. कडक पाइपचं तोंड तसंच फ्लेअर केलं, म्हणजे फाकवून रुंद केलं, तर कडेला चिरा पडतात आणि गॅस गळतो. आधी टॉर्चनं तोंड लाल करून घ्यायचं, मग फ्लेअर. आणि मऊ पाइपसुद्धा एकाच जागी दोनदा वाकवून सरळ केला की तिसऱ्यांदा तिथे वळत नाही, बाजूला वळतो. नवीन पोरांना हे सांगून कळत नाही, एक-दोन पाइप वाया घालवल्यावर कळतं.

---

मीनल_ठाणे

एक शंका. कल्हई लावताना भांडं तापवतातच की. मग मठारून, म्हणजे हातोडीनं बारीक ठोके देऊन, आलेला कडकपणा कल्हईत जातो का? आमच्याकडे मोठं पातेलं आहे, त्याला दर दिवाळीआधी कल्हई होते.

---

शलाका_म

फार चांगला प्रश्न. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणजे भांडं त्याच्या जरा वर न्यावंच लागतं. मघाशी म्हटलं तसं खूप ठोकलेलं तांबं याच टापूत मऊ व्हायला लागतं. पण त्याला वेळही लागतो, आणि कल्हईवाला काही मिनिटांत कापसानं कथील फिरवून मोकळा होतो. म्हणून थोडाफार कडकपणा जातो, सगळा नाही. भांडं लालबुंद होईपर्यंत तापवलं तर मात्र मठाराची कमाई गेली. ठसे दिसतील, पण पत्रा दाबला की चेपेल. रिकामं भांडं गॅसवर विसरलात तरी तेच.

---

भट्टी_निवृत्त

आलो. आता कोयता.

शुद्ध लोखंड पाण्यात कितीही बुडवा, म्हणावं तसं कडक होणार नाही. कडकपणा येतो कार्बनमुळे. कोयत्याच्या पोलादात कार्बन अर्धा ते पाऊण टक्का, म्हणजे शंभर किलोत जेमतेम पाऊण किलो. सगळी करामत तेवढ्याचीच.

थंड लोखंडाच्या रचनेत कार्बनला बसायला जागा जवळजवळ नसते, फार तर ०.०२ टक्के. त्यामुळे उरलेला कार्बन लोखंडाशी संयुग करून वेगळ्या पातळ पापुद्र्यांत बसतो. पोलाद ७२७ अंशांच्या वर नेलं की लोखंडाचे अणू दुसऱ्या रचनेत जातात, ऑस्टेनाइट म्हणतात तिला. या रचनेत कार्बन निवांत विरघळतो. लोहार लाल रंगावरून हे ओळखतो. आमच्या कारखान्यात एक जुना मिस्त्री चुंबक घेऊन फिरायचा. लोखंड ७७० च्या आसपास चुंबकाला चिकटायचं थांबतं, त्यामुळे चुंबक सुटला की थोडं आणखी तापवून बाहेर काढायचं. भट्टीचं तापमान मोजणारा पायरोमीटर आला तरी चुंबक त्याच्या खिशात असायचाच.

आता हळू गार केलं तर कार्बनला बाहेर पडून आपल्या जागी जायला वेळ मिळतो, आणि पोलाद परत मऊ. राखेतला कोयता म्हणजे हाच. पाण्यात घातलं तर वेळच मिळत नाही. साध्या कार्बन पोलादाला साधारण सेकंदभरात ५५० अंशांच्या खाली आणावं लागतं. लोखंड जुन्या रचनेत जायला बघतं, पण कार्बन आतच अडकलेला. मग रचना एका बाजूनं ताणली जाते आणि तशीच गोठते. हे मार्टेन्साइट, आडोल्फ मार्टेन्स या जर्मन माणसाच्या नावावरून. यात डिसलोकेशन सरकणं महाकठीण. रॉकवेल सी मापावर साठीच्या वर कडकपणा जातो, कानस नुसती घसरते.

म्हणजे कसबेकर, तांब्यात आग जुना ताण पुसून टाकते, पोलादात पाणी नवा ताण कोंडून ठेवतं.

---

ऊसवाला_तासगाव

काका, वाचतोय. आमच्याकडे कोयते ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून बनवतात. लोहार एकच असून एक कोयता दगडाला लागला की धारेचा तुकडा उडतो, दुसऱ्याची धार उसाच्या कांड्यालाही मुडपते. असं का?

---

भट्टी_निवृत्त

@ऊसवाला, तुकडा उडतो तो नुसतं पाणी दिलेला. मुडपतो तो एकतर नीट तापला नव्हता, किंवा नंतर त्याचं पाणी उतरवलंय.

नुसतं पाणी दिलेलं मार्टेन्साइट काचेच्या जवळचं असतं. त्याला पुन्हा थोडं तापवून उतार द्यावा लागतो, म्हणजे अडकलेला कार्बन थोडासा सुटून बारीक कणांत बसतो. कडकपणा जरा जातो, चिवटपणा खूप येतो. जुने लोहार हे कसं करतात बघा. फक्त धार पाण्यात बुडवतात, पाठ लालच असते. बाहेर काढून विटेच्या तुकड्यानं धार घासून चकचकीत करतात. पाठीतली उष्णता धारेकडे यायला लागते आणि घासलेल्या जागेवर रंग चढतात. आधी फिकट गवती पिवळा, सुमारे २२० अंश. मग तपकिरी, २६० च्या आसपास. मग जांभळा, २८०. मग निळा, ३००. हवा तो रंग धारेवर आला की सगळा कोयता पाण्यात. वस्तऱ्याला पिवळा ठीक, कोयत्याला तपकिरी-जांभळा. निळा झाला की स्प्रिंगसारखं लवचीक, पण धार टिकणार नाही. रंग म्हणजे वरच्या ऑक्साइडच्या पापुद्र्याची जाडी, बाकी काही जादू नाही.

आणि एक सांगतो, आजकाल कोयते खराब होतात त्यात लोहारापेक्षा ग्राइंडरचा हात मोठा. धार लावताना जोरात दाबलं, कड निळी पडली, की तिथलं पाणी उतरलं. मग ती वर्षभर मुडपतच राहणार. दाबू नका, जरा घासलं की पाण्यात बुडवा. धार हाताला चटका देत नसेल तर सगळं ठीक चाललंय.

---

सह्याद्रीचा_वाघ

आमच्या गावी म्हणायचे की अमुक विहिरीच्याच पाण्यात कोयता चांगला होतो. हे सगळं आपल्या पूर्वजांना आधीच माहीत होतं. दमास्कसच्या तलवारीसुद्धा आपल्या पोलादाच्या. पाश्चात्त्यांनी चोरलं. आणि त्या तलवारींना रक्तात पाणी द्यायचे म्हणे.

---

शलाका_म

विहिरीचं खरं असू शकतं बरं का. लाल पोलाद साध्या पाण्यात घातलं की सुरुवातीला त्याभोवती वाफेचा पडदा तयार होतो आणि गार व्हायचा वेग पडतो. पाण्यात मीठ असेल तर तो पडदा लवकर फुटतो. त्यामुळे मचूळ विहिरीचं पाणी जास्त वेगानं गार करणार. रक्ताची गोष्ट मात्र सोडून द्या.

दमास्कसच्या तलवारींना भारतीय वूट्झ पोलाद जायचं हे बरोबर. तेलंगणातलं कोनसमुद्रम त्यासाठी प्रसिद्ध होतं. पण "चोरलं" म्हणू नका, कारण जे घडलं ते जास्त रंजक आहे. मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी वूट्झचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले, आणि १७९५ मध्ये पिअर्सन यांनी रॉयल सोसायटीत त्यावर निबंध मांडला. पुढे मायकेल फॅरडेनंही त्यावर प्रयोग केले. हा फॅरडे लोहाराचाच मुलगा. पण युरोपातल्या लोहारांच्या हातात वूट्झ फुटायचं, कारण ते आपल्या सवयीनं पांढरंशुभ्र तापवून घण घालायचे. वूट्झमध्ये कार्बन दीड टक्क्याच्या आसपास. इतकं कार्बन असलेलं पोलाद पांढऱ्या तावाला ठिसूळ होतं. ते लाल तावातच, सबुरीनं, पुन्हा पुन्हा तापवून घडवावं लागतं. आपल्याकडच्या आणि इराणातल्या कारागिरांच्या हातात ते ज्ञान होतं. पुढे ते तुटलं.

दिल्लीचा लोहस्तंभ कृपया कोणी आणू नका. तो गंजाचा विषय आहे, वेगळा धागा काढा.

---

आजीची_वाटी

तांबं झालं, लोखंड झालं. काशाचं काय? काशाची वाटी खाली पडली की फुटते असं आजी म्हणायची. तेही ठोकूनच करतात ना?

---

शलाका_म

मी वाटच बघत होते. हे तिसरं उत्तर आहे, आणि पोलादाच्या अगदी उलट.

चांगल्या काशात साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील. एवढं कथील असलं की हळू गार करताना त्यात एक अतिशय ठिसूळ संयुग तयार होतं. पण ५८६ अंशांच्या वर वेगळी, घडवता येणारी रचना असते. म्हणून कासार काशाला लाल असतानाच ठोकतात, गार झालं की पुन्हा भट्टीत. शेवटी लाल वाटी सरळ पाण्यात. ठिसूळ संयुग तयार व्हायला वेळच मिळत नाही आणि वाटी त्यामानानं चिवट राहते. म्हणजे पोलादात पाणी दिल्यानं ठिसूळपणा येतो, काशात पाणी दिल्यानं तो टळतो. ही रीत ओडिशा, बंगाल, केरळात अजून जिवंत आहे. केरळातल्या आरन्मुळा आरशात मात्र कथील ३३ टक्क्यांच्या आसपास नेऊन तेच ठिसूळ संयुग मुद्दाम तयार करतात, कारण त्याला चकाकी अप्रतिम येते. आरसा ठोकायचा नसतोच.

आजीची वाटी बहुधा ओतीव असावी, घडीव नव्हे. तरी तिला तळव्यांना घासायला ठेवा, पाडायला नको.

---

रिव्हेटवाला_नाशिक

चौथं मी सांगतो. विमानाच्या कामात पत्रे जोडायला अ‍ॅल्युमिनियम-तांब्याचे रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवायचे खिळे, असतात. भट्टीत साधारण पाचशे अंशांना तापवून पाण्यात टाकले की मऊ निघतात. पण तसेच ठेवले तर काही मिनिटांतच कडक व्हायला लागतात, चारेक दिवसांत पूर्ण कडक. कोणी हात लावलेला नाही, आग लावलेली नाही, आपोआप. म्हणून ते शून्याच्या बराच खाली असलेल्या फ्रीजरमध्ये ठेवतात, लागतील तेवढेच काढून पटापट ठोकतात. ठोकल्यावर जागेवरच कडक होतात. नवा माणूस आला की फ्रीजर उघडून आइस्क्रीम शोधतो.

---

शलाका_म

वा! आल्फ्रेड विल्मला जर्मनीत १९०६ च्या सुमारास हे सापडलं, तेव्हा का होतं हे त्यालाही कळलं नव्हतं. पाण्यात घातल्यावर तांब्याचे अणू अ‍ॅल्युमिनियममध्ये विखुरलेले अडकतात. मग खोलीच्या तापमानालाच ते हळूहळू एकत्र येऊन काही अणूंच्या जाडीच्या चकत्या बनवतात, आणि डिसलोकेशनची वाट अडते. १९३८ मध्ये गिनिए आणि प्रेस्टन या दोघांनी स्वतंत्रपणे क्ष-किरणांनी त्या चकत्या ओळखल्या. तोवर त्या धातूच्या सांगाड्याची झेपेलिन हवाई जहाजं बनून उडूनही गेली होती.

---

मीनल_ठाणे

धागा वाचनखुणांत टाकला. पितळेबद्दल एकच. कपाटात नुसता ठेवलेला तांब्या न पडता, न आपटता उभा चिरला. भूत नाही ना?

---

भट्टी_निवृत्त

भूत नाही, अमोनिया. ब्रिटिशांच्या फौजेला हिंदुस्थानात हाच प्रश्न पडला होता. पावसाळ्यात ठेवलेली पितळी काडतुसं आपोआप चिरायची, विशेषतः तबेल्यांजवळची. घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया, हवेतला ओलावा, आणि काडतूस दाबून घडवताना आत राहिलेला ताण. तिन्ही जमले की चीर जाते. १९२१ मध्ये याचा नीट उलगडा झाला. उपाय सोपा निघाला. पितळ अडीचशे अंशांच्या आसपास तापवायचं. एवढ्यानं आतला ताण जातो, पण कडकपणा राहतो, कारण पुनर्स्फटिकीकरण सुरू व्हायच्या आतच बाहेर काढलेलं असतं. तुमच्या कपाटाशेजारी फरशी किंवा काच पुसायचं अमोनियावालं काही ठेवलं असेल तर हलवा.

---

ऊसवाला_तासगाव

काका, लोहाराला रंगांचं वाचून दाखवलं. तो म्हणाला, हे मला माहीत आहे, गिऱ्हाईकाला घाई असते. ते पटलं. आता सांगा, कमानीच्या पाट्याला पाणी बरं की तेल?

---

भट्टी_निवृत्त

तेल. कमानीच्या पोलादात सिलिकॉन-मँगनीज असतं, ते तेलातही पूर्ण कडक होतं. पाण्यात घातलं तर एकदम फुगून चीर जायची भीती, विशेषतः जिथे जाड पाठ आणि पातळ धार जुळते तिथे. शेंगदाण्याचं किंवा करडईचं जुनं तेल चालेल. जरा कोमट करून घ्या, ५०-६० अंश. कोमट तेल पातळ असतं, जास्त चांगलं गार करतं. गाडीचं काळं ऑइल वापरू नका, धूर विषारी असतो. डब्याला पत्र्याचं झाकण जवळ ठेवा, भडका उडाला तर पाणी नका टाकू, झाकण टाका. आणि सगळे पाटे एकाच पोलादाचे नसतात, म्हणून आधी एका तुकड्यावर करून, तो तोडून आतला कण बघायला सांगा. बारीक, राखाडी, मखमली दिसला तर जमलं. भरड आणि चमचमता दिसला तर जास्त तापवलंय.